उजळलेलं गाणं

सोनईच्या बाजारपेठेत, खतांच्या दुकानाच्या माडीवर कल्याणचा फोटो स्टुडिओ आहे. मागच्या खोलीत कॉम्प्युटरपुढं जी मुलगी पाठ करून बसलेली असते, ती सुकन्या येळवंडे. पंचक्रोशीतल्या निम्म्या लग्नांच्या व्हिडिओवर शेवटचा हात तिचा फिरलेला आहे आणि त्यातल्या एकाही लग्नात ती दिसत नाही. हळदीला मामी रुसून बसली असेल तर मामी कापायची. वरातीत नवरदेवाचा मित्र नाचता नाचता आडवा झाला असेल तर तो मात्र ठेवायचा, कारण तेवढंच लोक पुन्हा पुन्हा बघतात. आणि हे सगळं करण्याआधी ब्राइटनेस वाढवायचा.

या ब्राइटनेसवर तिचा फार राग होता. स्क्रीनवर एक पट्टी असते, ती उजवीकडं सरकवली की नवरी गोरी होते. आणखी सरकवली की नवरीचं नाक जातं, शालूची जर जाते, मागं उभ्या असलेल्या चुलत्याचं टक्कल ट्यूबलाइटसारखं पेटतं आणि सगळं वऱ्हाड दुधात पडल्यासारखं दिसायला लागतं. पण सून काळी दिसली की सासू पेनड्राइव्ह घेऊन जिना चढून वर येते, हा कल्याणचा अनुभव. माणूस वाईट नाही तो. हसतमुख, लग्नघरात सगळ्यांचा दादा, पंगतीत आधी फोकसवाल्याचं ताट मागणारा. पण धंद्याचं सगळं शास्त्र त्याच्यापाशी एका वाक्यात संपायचं. "काळं दिसलं की बोंब झाली." सुकन्या स्वतः सावळी. दिवसभर दुसऱ्यांच्या पोरींना उजळवत बसायचं आणि संध्याकाळी घरी जायचं, असं तिचं चाललं होतं.

तिला यातून बाहेर पडायचं होतं. पुण्यातल्या एका जाहिराती करणाऱ्या ऑफिसात एडिटर हवी होती, तिथं तिनं आपल्या कामाचे नमुने पाठवले. उत्तर दोन ओळींचं आलं. लग्नं नकोत. लग्न सोडून काही केलं असेल आणि त्यावर तुमचं नाव असेल, तर ते पाठवा. सुकन्यानं ते उत्तर वाचलं आणि मग सबंध दुपार एका नवरीचं नाक परत आणण्यात घालवली. लग्न सोडून सोनईत व्हिडिओ कशाचा काढतात? वाढदिवसाचा, बैलाचा आणि पुढाऱ्याचा.

अशात एक दिवस ओम जिना चढून आला. ओम आणि त्याच्या तीन मित्रांनी रॉक बँड काढला होता, नाव 'ढेकूळ'. गावात बँड म्हटलं की लोक वरातीची तारीख सांगायला लागतात, त्यामुळं पोरं आधीच वैतागलेली. त्यांनी स्वतःचं गाणं बांधलं होतं, शेतीच्या लाइटीवर. पंपाची लाइट रात्रीचीच येते आणि माणूस अंधारात बॅटरी घेऊन पाणी भरत हिंडतो, असं ते गाणं. ओरडून म्हटलेलं असलं तरी चांगलं होतं. आवाज नगरला जाऊन नीट भरून आणलेला होता. आता त्याला व्हिडिओ हवा होता. ओमनं मोबाईल पुढं धरला. कुठल्याशा परदेशी बँडचा व्हिडिओ होता. नुसते चौघं वाजवतात, दुसरं काहीच नाही.

"असाच पाहिजे," ओम म्हणाला.

"होऊन जाईल," कल्याणनं न बघताच सांगितलं.

सुकन्यानं त्याच दिवशी कल्याणला गाठलं. "दादा, हे मी करते. सगळं मीच ठरवीन. वर स्टुडिओचं नाव टाक, नंबर टाक, काय टाकायचं ते टाक. शेवटी दिग्दर्शन आणि संकलन म्हणून माझं नाव येऊ दे."

"अगं, टाक की. नावाला काय जागा लागती व्हय?" कल्याण म्हणाला. इतक्या सहज म्हणाला की तिला तेव्हाच शंका यायला हवी होती.

तो परदेशी व्हिडिओ सुकन्यानं घरी नेला. आधी आवाज बंद करून पाहिला. लग्नात गाणी मागून चिकटवायची असतात, त्यामुळं मुकं बघायची तिच्या डोळ्यांना सवय. आवाज नसला तरी गाणं कळत होतं, हे पाहून ती चरफडली. हे कसं केलं मेल्यांनी? मग तिनं तुकडे पाडून पाहायला सुरुवात केली. उजेड समोरून कुठंच नव्हता. सगळा मागून, तोही एकच, त्यामुळं माणसांच्या कडा तेवढ्या दिसत होत्या, एक कान, खांद्याची रेघ, घामानं चिकटलेले केस. गाणाऱ्याचा चेहरा निम्मं गाणं होईस्तोवर दिसतच नव्हता, म्हणून तो कधी दिसेल याची वाट बघत माणूस तिथंच बसून राहायचा. ते कुठल्या खोलीत वाजवतायत तेही कळत नव्हतं. भिंत दाखवली असती तर ती भिंत झाली असती, अंधार ठेवला म्हणून ती जागा केवढीही असू शकत होती. ढोलावर काठी पडायच्या किंचित आधीच चित्र बदलत होतं. लग्नात ती नेमकी ठेक्यावर कापायची. इथं डोळा पुढं जात होता आणि कान मागून येऊन त्याला गाठत होता. आणि सबंध गाण्यात कॅमेऱ्याकडं कुणी बघत नव्हतं. अगदी शेवटी गाणारा एकदाच बघतो, की अंधार.

हे सगळं तिनं भाकरी थापणाऱ्या आईला सांगितलं. लंकाबाईंनी तव्यावरून नजर न काढता ऐकून घेतलं.

"एकच दिवा लावला म्हन की," त्या म्हणाल्या. "गरीब हायेत का ती लोकं?"

शूटिंगला जागा मिळाली ती भीमाच्या घरची. भीमा ढेकूळचा ड्रमवाला आणि त्याच्या वडिलांचा मंडपाचा धंदा. गावाबाहेर त्यांचं पत्र्याचं गोडाऊन. आत प्लॅस्टिकच्या खुर्च्यांच्या चळती, कनाती, पातेली, थर्माकोलचे हत्ती आणि मध्यभागी नवरा-नवरीच्या लाल मखमली राजाराणी खुर्च्या. कल्याण म्हणाला, सामान बाहेर काढू. सुकन्या म्हणाली, काही काढायचं नाही, शटर लावा, दिसणारच नाही काही. दिवसाढवळ्या शटर लावल्यावर आत मिट्ट काळोख झाला आणि पहिल्यांदा तिला वाटलं, जमणार.

पण एकदा आपल्या माणसांवर फोकस पडला की जे होतं ते झालंच.

या जिल्ह्यात पाळण्यापासून माणसाला एक शिकवण मिळालेली असते. लग्नात फोकसवाला आपल्यापुढं आला की हातातलं काम थांबवायचं. घास तोंडाशी असेल तर तिथंच धरायचा, पदर सारखा करायचा आणि कॅमेरा पुढं जाईस्तोवर बघत राहायचं. अक्षता टाकणारा हात हवेत थांबतो. भटजीसुद्धा मंत्र थांबवतात. ढेकूळच्या चौघांचंही बालपण याच मांडवांमध्ये गेलेलं. गाणं सुरू झालं, कल्याण सवयीनं फोकस घेऊन भीमापुढं गेला आणि भीमानं ड्रम वाजवायचं थांबवलं. काठ्या वर धरून गोड हसला. गिटारवाल्यानं शर्टाची कॉलर सारखी केली. आणि ओम, जो एरवी माइक गिळून टाकेल असा गायचा, तो मुंजीतल्या बटूसारखा हात खाली सोडून उभा राहिला.

"थांबताय का?" सुकन्या ओरडली.

"फोकस आला ना ताई," भीमा म्हणाला.

पुन्हा केलं. पुन्हा तेच. तिनं समजावलं, हात जोडले, रागावली, त्या परदेशी पोरांचा व्हिडिओ पुन्हा दाखवला. पोरं म्हणायची, कळलं ताई, आणि उजेड अंगावर आला की चौघांची चित्रं व्हायची. कल्याणचं तर निराळंच. मध्येच तो लग्नातल्यासारखा गाणं थांबवायचा, "ओम, ती ओळ परत घे, जरा इकडं बघून." नवऱ्याला हार पुन्हा घालायला लावतात तसं. सुकन्याला वाटलं, शटर उघडावं आणि सरळ घरी निघून जावं. सगळ्या जन्माचं लग्न अंगात मुरलंय यांच्या. ती एका पातेल्यावर जाऊन बसली आणि डोळ्यांत पाणी आलं ते रागानं पुसलं.

मग पातेल्यावर बसल्या बसल्या तिच्या लक्षात आलं की उजेड पाठीवर पडला तर माणूस पोज देत नाही. कुणाला दाखवायची?

ती उठली. "पोरांनो, आता शूटिंग बंद. जरा मोकळं होऊन सराव करा, मी तोवर लाइट लावते," म्हणाली. पुढचे सगळे फोकस बंद केले. एकच हॅलोजन राजाराणी खुर्च्यांच्या मागं, कोपऱ्यातल्या हत्तीपाशी उभा केला. मग कल्याणला बाजूला घेतलं. कॅमेऱ्यावर पुढच्या बाजूला तो लाल ठिपका असतो, चालू असल्याचा, तोही पोरांना दिसायला नको होता. तिनं कपाळावरची टिकली काढली आणि त्या ठिपक्यावर लावली.

"आता काढ तू. गुपचूप."

"अगं, अंधारात काय दिसंल?"

"दादा, तू काढ."

पोरं सराव म्हणून वाजवायला लागली आणि काय वाजवलं त्यांनी. सकाळपासूनचा सगळा वैताग त्यांच्या हातातून निघाला. सुकन्या गोडाऊनच्या मागच्या कोपऱ्यात, हॅलोजनपाशी उभी. थर्माकोलची एक मोठी पाटी दोन्ही हातांनी धरून ती दिव्यापुढं धरायची, काढायची, पुन्हा धरायची. गाण्यात लाइट जाते तिथं सगळं बुडवायचं, येते तिथं एकदम सोडायचं. ओढणी कमरेला गुंडाळलेली, थर्माकोलचे कण केसांत. गाण्याचा एकेक शब्द तिला पाठ झालेला होता. शेवटच्या ओळीला ओमनं मान वळवून कॅमेऱ्याकडं पाहिलं, उगीचच, कल्याण कुठं गेला म्हणून. तिनं त्याच क्षणी दिवा झाकला.

पुढचे कितीतरी दिवस ती मागच्या खोलीत ते गाणं जुळवत बसली. ठेक्याच्या किंचित आधी कापलं. खुर्च्या, हत्ती, पातेली, कनाती सगळं काळोखात नीट बुडवलं. शेवटी ओमची ती नजर, मग अंधार, आणि अंधारात बारीक पांढऱ्या अक्षरांत तिचं नाव. मोठं नाव तिला नकोच होतं. लग्नाच्या व्हिडिओत नावं गुलाबाच्या पाकळ्यांतून गरगरत येतात, तिला ते डोळ्यांसमोर नको होतं. ओमला दाखवलं तर त्यानं ते पुन्हा पहिल्यापासून लावलं.

"ताई, हे आमीच का?" एवढंच म्हणाला.

सुकन्या त्या दिवशी घरी चालत गेली आणि वाटेत एकटीच हसत होती. पुण्याला दुसऱ्या दिवशी पाठवू, आधी पोरांचं अपलोड होऊ दे, असं तिनं ठरवलं. तिनं तेव्हाच पाठवायला हवं होतं, पण इतकी वर्षं थांबल्यावर एका दिवसाचं काय, असं माणसाला वाटतं.

सकाळी ओमचा मेसेज आला. "ताई, टाकला कल्याणदादानं व्हिडिओ. लई चाललाय. सगळे विचारतायत, मागं नाचती ती पोरगी कोण?"

मागं कोण नाचतंय? तिनं व्हिडिओ उघडला.

पडदा भगभगीत उजेडात उघडला. ढेकूळची चार पोरं पांढऱ्याफटक चेहऱ्यांनी वाजवत होती आणि त्यांच्या मागं लाल मखमली राजाराणी खुर्च्या, त्यांच्या मागं प्लॅस्टिकच्या खुर्च्यांच्या चळती, भीमाच्या वडिलांचं नाव लिहिलेली पातेली आणि सोंड वर केलेला थर्माकोलचा हत्ती. लाइट रात्रीची येते असं गाणं, आणि भरदुपार झालेली. ओमच्या त्या नजरेनंतर अंधारही आला नाही, पाकळ्या आल्या. पाकळ्यांतून स्टुडिओचं नाव गरगरत आलं, खाली नंबर, आणि लग्न, साखरपुडा, बारसं यांच्या ऑर्डरी स्वीकारल्या जातील. तिचं नाव कुठंच नव्हतं.

तरी सवय जाईना. तिनं आवाज बंद केला आणि पुन्हा पहिल्यापासून पाहिला, तुकडे पाडून, त्या परदेशी व्हिडिओसारखाच. आता यात काय उरलंय ते शोधायला. उजळल्यावर कळत होतं की भीमा मधूनमधून सवयीनं कॅमेरा शोधतोय. गिटारवाला पोट आत घेऊन उभा आहे. आणि डाव्या कोपऱ्यात, हत्तीच्या मागं, एक पोरगी होती. ओढणी कमरेला. हातात पांढरी पाटी, ती वर करते, खाली करते, सगळं अंग त्या पाटीबरोबर हलतंय, तोंड उघडं, गाण्याचा शब्दन् शब्द म्हणतेय. कॅमेरा कुठं आहे याचं तिला भानही नाही. सगळ्या व्हिडिओत खरं वाजवणारं तेवढं एकच माणूस होतं आणि त्याच्या हातात वाद्य नव्हतं. सुकन्यानं स्वतःला असं कधी पाहिलं नव्हतं. लग्नांच्या एवढ्या गर्दीत कुठं, कधीच नाही. क्षणभर ती राग विसरली आणि मग तो दुप्पट होऊन आला.

ती जिना चढून वर गेली तेव्हा कल्याण खुशीत होता.

"बघितलंस? गाव येडं झालंय."

"दादा, हे काय केलंस?"

"अगं, मोबाईलवर उन्हात बघितलं तर नुसतं काळं. म्हटलं काही भरलंच न्हाई व्हय? मग जरा उजळलं. आन शेवटी पार मोकळं जात हुतं, ते कापलं."

"मोकळं नव्हतं. माझं नाव होतं तिथं."

कल्याण थबकला. त्याच्या चेहऱ्यावर खरोखर वाईट वाटल्याचं दिसलं, मग त्याला एकदम उपाय सुचला. "अगं, नावाचं काय घेऊन बसलीस? तू तर आख्खी दिसतीस त्यात. आन गोरी पन दिसतीस."

ओरडावं तर माणूस समजुतीचं बोलत होता. "मला दिसायचं नव्हतंच, दादा," ती म्हणाली. "सगळ्यांना दिसू नये म्हणून तर मी तिथं उभी राहिले. मला फक्त माझं नाव पाहिजे हुतं. ते तू कबूल केलं हुतंस." तिनं हात पुढं केला. "माझी फाईल दे. मी परत टाकते."

मग कल्याणनं मान खाली घातली. उद्याची दोन लग्नं होती. व्हिडिओ एकदा देऊन झाला की कार्ड रिकामं करायचं आणि डिस्कवर जागा मोकळी करायची, हा स्टुडिओचा पहिल्यापासूनचा शिरस्ता. मूळ शूटिंग गेलं होतं. तिनं जुळवलेलं गाणं गेलं होतं. उरलं होतं ते उजळलेलं.

"मला काय ठाव, तुला परत लागंल म्हनून," तो म्हणाला, आणि खाली चहा सांगायला गेला, कारण दुसरं काय करावं ते त्याला कळत नव्हतं.

सुकन्या मागच्या खोलीत जाऊन बसली. तिनं ते उजळलेलं गाणं घेतलं आणि ती पट्टी, जी ती आयुष्यभर उजवीकडं सरकवत आली होती, ती डावीकडं ओढायला लागली. तिला ठाऊक होतं की हे पुरतं भरून येणार नाही. करपलेल्या भाकरीचा करपट वास जातो थोडाच. ओमचं कपाळ जिथं पांढरं जळून गेलं होतं तिथं ते आता राखेसारखं दिसत होतं. पण पातेली गेली. कनाती गेल्या. हत्ती सोंडेसकट बुडाला. पाकळ्या तिनं कात्रीनं कापल्या.

त्या दिवशी आठवडे बाजार होता. लंकाबाई भाजीची पिशवी घेऊन वर आल्या आणि तिच्यामागं स्टुलावर टेकल्या. त्यांनी सकाळी मोबाईलवर सगळं पाहिलं होतं, शेजारणीलाही दाखवलं होतं. आता पडद्यावर डाव्या कोपऱ्यात पाटी हलवणारी त्यांची पोरगी तेवढी उरली होती, राखी रंगाची, पण ओळखू येत होती.

सुकन्याचा हात तिथं थांबला. तेवढं ठेवता आलं असतं. लोक विचारतच होते ती कोण म्हणून. पण गाणं अंधाराचं होतं, आणि त्या कोपऱ्यात माणूस दिसलं की तो कोपरा झाला असता, गोडाऊन झालं असतं, भीमाच्या बापाचा मंडप झाला असता. तिनं दात आवळले आणि पट्टी ओढली.

"अगं," लंकाबाई पुढं झुकल्या, "तू कुठं गेलीस?"

सुकन्यानं गाणं पुढं जाऊ दिलं. गाणं शेवटाला आलं, ओमनं एकदा पाहिलं, अंधार झाला. त्या अंधारात तिनं टाईप केलं. दिग्दर्शन आणि संकलन, खाली सुकन्या येळवंडे. पहिल्यासारखंच, बारीक पांढऱ्या अक्षरांत.

"ही बघ," तिनं पडद्यावर बोट ठेवलं. "हितं."

लंकाबाईंनी चष्मा कपाळावरून खाली घेतला, डोळे बारीक केले आणि एकेक अक्षर लावून वाचायला लागल्या. सुक, पुढं अडल्या. तोंड स्क्रीनच्या पार जवळ नेलं.

"लई बारीक लिवलंस गं," त्या म्हणाल्या. "एवढं केलंस, आन वाचाय बी येईना."

सुकन्यानं बारीक अक्षरांसाठी किती डोकं खपवलं होतं ते तिचं तिलाच माहीत. तिनं आईकडं पाहिलं, पुन्हा पडद्याकडं पाहिलं. मग अक्षरं जराशी मोठी केली, आईला नाव पुरतं वाचू दिलं आणि ते तसंच पुण्याला पाठवून दिलं.